नागपूरच्या उन्हाळ्यात घर आवरायचं कसं? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

एप्रिल अर्धा संपला की नागपुरात सकाळी अकरानंतर बाहेर पडायचं म्हणजे डोक्याला दुपट्टा, हाताला सनकोट, खिशात कांदा, आणि मे लागला की तेही नको वाटते. २३ मे २०१३ ला तर इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, दरवर्षी तितकं नाही तापत पण ४५ च्या आसपास तर असतेच. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे पोरं घरी, वर्क फ्रॉम होमवाले घरी, रिटायर मंडळी घरी, आणि सगळे मिळून कूलरच्या एकाच खोलीत. मग दिवसभर तेच सामान डोळ्यापुढे असते. दिवाणाच्या कडेला ठेवलेल्या पिशव्या, टीव्हीखालचे वायर, फ्रीजवर चढलेली औषधं. एरवी ऑफिसच्या धावपळीत हे दिसत नाही, घरी राहिलं की खुपायला लागते.

तर या दिवसांचा चांगला उपयोग करता येतो. ज्यांनी कधी घर आवरायचं मनावर घेतलं नाही, नवीन लग्न झालं आहे, किंवा आईबाबांच्या भरलेल्या घरात राहून राहिले आहेत आणि सुरुवात कुठून करायची कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे. क्रम पाळला तर काम होते, क्रम उलटा केला तर पसारा दुप्पट होतो.

पहिलं काम: सामान जाणार कुठे ते ठरवा

लोक आधी आलमारी उघडतात आणि तिथेच फसतात. दोन तासांत पलंगावर ढीग होतो, त्यातून चार पिशव्या निघतात "द्यायच्या" म्हणून, त्या दाराच्या मागे जातात, मग दिवाणाखाली जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत परत उघडतात. माझं स्पष्ट मत आहे की सामान गेटबाहेर जात नाही तोवर आवरणं झालं असं म्हणूच नये. म्हणून आधी वहीचं एक पान घ्या आणि कोणती वस्तू कोणाकडे जाणार ते लिहून काढा, आलमारीला हात त्याच्यानंतर.

रद्दी, पुठ्ठे, लोखंड, फुटक्या बादल्या हे गल्लीत फिरणाऱ्या कबाडीवाल्याकडे. भाव आधी विचारा, वजन समोर करून घ्या, आणि हे पावसाच्या आधी काढा कारण ओलसर रद्दीला कोणी धड भाव देत नाही. पुस्तकं आणि जुन्या वह्या देण्याआधी एकदा पानं फडफडवून बघा, त्यात नोटा, पावत्या, फोटो, कोणाचं पत्र काहीही निघते.

घालण्यालायक कपडे एखाद्या संस्थेला द्यायचे असतील तर आधी फोन करून विचारा की त्यांना आत्ता काय पाहिजे, धुऊन, गुंड्या लावून द्या. फाटके, डाग पडलेले कपडे दान म्हणून देऊ नका, ते त्यांनाच फेकावे लागतात. जुन्या साड्या-पँटवर स्टीलचं भांडं देणारी भांडेवाली येते, तिच्याशी घासाघीस करण्यात मजा असते हे खरं, पण एक लक्षात ठेवा की दहा कपडे गेले तरी एक नवीन पातेलं घरात आलंच, त्यामुळे खरंच गरज असेल तरच हा सौदा करा.

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असतील तर जवळच्या अभ्यासिकेत विचारा, आपल्याकडे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत आणि तिथल्या मुलांना व्याकरण, इतिहास, गणिताची पुस्तकं कामी पडतात, चालू घडामोडींचे जुने अंक मात्र सरळ रद्दीत. कथा-कादंबऱ्या सीताबर्डीवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे नेता येतात, पैसे फार मिळत नाहीत पण पुस्तक वाचणाऱ्याकडे जाते.

बंद मोबाइल, चार्जर, रिमोट, बिघडलेला मिक्सर हा ई-कचरा, हा भंगारात देऊ नका. भंगारात गेलेले वायर पुष्कळदा तांबं काढायला जाळतात आणि तो धूर शेवटी कोणाच्या तरी वस्तीतच जातो. नवीन वस्तू घेताना एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. फोन द्यायच्या आधी सिम आणि कार्ड काढा, फॅक्टरी रीसेट करा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी ज्या दुकानातून नवीन घ्याल तिथेच परत द्यायची, ते त्याचे पैसे कमी करून देतात.

आता देवाचे फोटो. हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, रंग उडालेली तसबीर, कॅलेंडरवरचे देव, लग्नपत्रिकांवरचे गणपती, टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. मग लोक पिंपळाखाली ठेवून येतात नाहीतर फुटाळा तलावात सोडतात. तसं नका करू, ना त्या फोटोचा मान राहत ना तलावाचा. तसबिरीची मागची खिळ्यांची पट्टी काढली की काच, फ्रेम आणि कागद वेगळे होतात. काच पेपरात गुंडाळून सुक्या कचऱ्यात, वर 'काच' असं लिहून, म्हणजे कचरा गाडीवाल्या भाऊंचा हात कापणार नाही. लाकडी फ्रेम चांगली असेल तर दुसऱ्या फोटोला वापरा. साधा कागद असेल तर नमस्कार करून घरच्याच बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी लगदा झाला की कुंडीच्या किंवा अंगणातल्या झाडाच्या मातीत मिसळा. चकचकीत प्लास्टिक चढवलेला कागद विरघळत नाही, तो सुक्या कचऱ्यातच द्यावा लागतो.

आणि प्रत्येक पिशवीवर जाण्याची तारीख लिहा, आठवड्याच्या आतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण "घेऊन जा गे मारबत" म्हणतो तेव्हा मारबत, म्हणजे वाईट गोष्टींचा तो मोठा पुतळा, खरंच वेशीबाहेर नेतो, महाल भागातच उभी करून ठेवत नाही, पिशव्यांचंही तसंच असलं पाहिजे.

दुसरं: उन्हाचं घड्याळ पाळा

इथल्या उन्हाळ्यात दिवसभर सारखं काम करायचं नसते. सकाळी सहा ते नऊ अंगमेहनतीचं, म्हणजे सज्जा (छताखालचा माळा), गच्ची, दिवाण सरकवणं, गाद्या वर नेणं. दुपारी बारा ते चार बसून होणारं, म्हणजे कागद, ड्रॉवर, बटणं, औषधं, फोटो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पोचवायचं काम. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर हे काटेकोर पाळा, दुपारी तीनला स्लॅब इतका तापलेला असतो की सज्ज्यात डोकं घातलं तर चक्कर येईल, स्टुलावरून पडाल. पाणी, पन्हं, ताक जवळ ठेवा. दुपारी आपल्याला झोप येतेच, तर जेवण झाल्यावर एक तास काम, मग झोप, असं ठरवलं तर कोणावर जुलूम होत नाही.

तिसरं: पहिल्या दिवशी फक्त एक खण

एक ड्रॉवर, एक खण, एक पिशवी. पूर्ण खोली नाही. पूर्ण रिकामा करा, ओल्या कपड्याने पुसा, वाळू द्या, आणि मग सामानाचे तीन भाग: राहणार, जाणार, विचारायचं. हा तिसरा भाग फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्याची वस्तू न विचारता कधीच काढू नका, मग ती तुम्हाला कितीही कचरा वाटो, एकदा असं झालं की घरातले तुमच्यापासून सामान लपवायला लागतात आणि पुढची सगळी कामं अडतात.

आईला किंवा सासूबाईंना "हे फेकू का?" विचारलं की उत्तर ठरलेलं असते, "असू दे नं, कामी पडते." त्याऐवजी "आई, हे कोणाला देऊ?" असं विचारून बघा. वस्तू वाया जात नाही, कोणाच्या तरी घरी जाते आहे हे कळलं की त्या स्वतःच नावं सुचवतात, भाचीचं लग्न झालं आहे तिला कुकर दे, कामवाल्या बाईच्या मुलीला ते दप्तर दे. ज्यांनी आयुष्यभर एकेक वस्तू पैसे जमवून घेतली त्यांना ती टाकणं जड जाणारच, घाई करू नका.

पितळी गुंड, हंडा, तांब्याचे घंगाळ असं काही निघालं तर ते कबाडीवाल्याला देऊ नका. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत जुनं पितळ वजनावर घेतात, तिथे विचारा, आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, कारण गेलेला गुंड परत येत नाही आणि त्याची आठवण दहा वर्षं काढली जाते.

किचन: नवीन तिखट भरायच्या आधी

किचनला हाच मोसम बरोबर आहे, कारण वर्षाचं तिखट, हळद, गहू, तूरडाळ आत्ताच भरतो आणि वाळवणंही आत्ताच होतात. नवीन भिवापुरी मिरचीचं तिखट यायच्या आधी जुनी बरणी रिकामी व्हायला पाहिजे, नाहीतर जुन्यावर नवीन पडते आणि दोन्ही खराब. प्रत्येक डब्यात, कुरडया असो, सरगुंडे असो, मूगवड्या असो, वर्ष लिहिलेली चिठ्ठी टाका. मागच्या वर्षीच्या मूगवड्या मागेच राहतात आणि नवीन आधी संपतात, हे सगळीकडे होते, म्हणून जुनं पुढे, नवीन मागे.

गहू उन्हात दाखवल्यावर गरम गरम कोठीत भरू नका, संध्याकाळी पसरून पूर्ण थंड होऊ द्या आणि मग भरा. गरम धान्य बंद केलं की आत घाम धरतो आणि सोंडे (धान्यातले किडे) व्हायला वेळ लागत नाही. कडुलिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत पूर्ण वाळवलेला टाका, हिरवा टाकला तर त्याचाच ओलावा धान्याला लागतो. कोठी भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, खाली विटा किंवा लाकडाचा पाट ठेवा.

मग झाकणांचा कार्यक्रम करा. सगळे प्लास्टिकचे डबे खाली मांडा, प्रत्येकावर त्याचं झाकण लावा. मिठाईचे, दह्याचे, पार्सलचे डबे. ज्याला झाकण नाही तो डबा आणि ज्याला डबा नाही ते झाकण, दोन्ही आजच बाहेर. हे काम पोरांना द्या, त्यांना जोड्या लावायला आवडते. पिवळे पडलेले, चरे गेलेले प्लास्टिकचे डबे जेवणाला ठेवू नका, फार तर खिळे-स्क्रू ठेवायला घ्या. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर दुकानातून कापडासारख्या पिशव्या मिळायला लागल्या आणि आता त्यांचाच ढीग झाला आहे, मजबूत सात-आठ ठेवा, एक गाडीच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत, बाकी भाजीवाल्या मावशीला द्या, त्यांच्याकडे एका दिवसात कामी लागतात.

भांड्यांचं एक साधं गणित आहे. रोज लागणारी कमरेपासून डोळ्यापर्यंतच्या उंचीवर, आठवड्यातून लागणारी खाली, वर्षातून एकदोनदा लागणारी, म्हणजे मोठी गंजं, पुरणाचं यंत्र, कुरडयांचा सोऱ्या, ती वर. जड वस्तू डोक्याच्या वर कधीच नको. बाकी फ्रीज अर्ध्या तासाचं काम आहे, त्यावर वेगळं काय सांगू.

कपडे आणि ती ब्लाउज पीसची पिशवी

आपला हिवाळा खरा नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, पण तेवढ्यासाठी रजया, ब्लँकेट, स्वेटर दिवाणात वर्षभर भरून राहतात. घरातल्या प्रत्येक माणसाला एक आणि पाहुण्यांसाठी दोन-तीन, याच्यावर रजया ठेवायची गरज नाही. ज्या ठेवायच्या त्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर दिवसभर उलटपालट करून वाळवा, हे आपलं ऊन कसर आणि ढेकणांवर चांगलं चालते, आणि फुकट आहे. पण कोसा, पैठणी, जरीच्या साड्या थेट उन्हात नको, रंग उडतो, त्या सावलीत वाऱ्याला टाका, घड्या बदला कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिल्या की तिथेच चिरतात, मग सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबर गोळ्या जरीला लागू देऊ नका, पातळ कपड्यात बांधून कोपऱ्यात ठेवा.

डांबर गोळ्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. घरात बाळ येणार असलं की पेटीतले जुने झबले, दुपटी, गोधड्या प्रेमाने काढल्या जातात. डांबर गोळ्यांत राहिलेले कपडे तसेच बाळाला घालू नका. त्यातल्या नॅप्थालीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते त्यांना हा धोका जास्त, आणि ती कमतरता आहे हे आधी माहीत नसते. काढलेले कपडे चांगले धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका. त्यापेक्षा बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नये, वाळवलेला कडुलिंब बरा.

आता ब्लाउज पीस. हळदीकुंकू, ओटी, बारसं, वास्तू, प्रत्येक ठिकाणून एक येतो, एखादी देण्याघेण्याची साडी येते, आणि एक दिवस तीन पिशव्या होतात. या साड्या फिरत्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात काही वाईट नाही. फक्त ज्यांनी दिली त्यांनाच परत जायला नको. म्हणून आली त्याच दिवशी घडीत चिठ्ठी घाला, 'मानेवाड्याची मामी, गृहप्रवेश' एवढी पुरते, आणि देताना चिठ्ठी काढायला विसरू नका. सगळं एकाच पिशवीत ठेवा, पिशवी भरली की नवीन पिशवी नाही, आधी त्यातलं काढा. सुती पीस असतील तर ते शिवून उशीचे अभ्रे, फ्रीजची कव्हरं, भाजीच्या पिशव्या होतात, पॉलिस्टरचे चमकणारे शाळेच्या क्राफ्टला द्या. लग्नात आलेले आणि अजून खोक्यातच असलेले डिनर सेट, लेमन सेटही याच हिशेबात धरा, वापरायला काढा नाहीतर पुढच्या लग्नात द्या.

कागद: दुपारचं सगळ्यात चांगलं काम

कूलरसमोर कागद पसरू नका, उडतात आणि दमट होतात. पंख्याच्या खोलीत, जमिनीवर चादर घालून बसा. पाच फायली पुरतात: घर, बँक-विमा, शिक्षण-ओळखपत्रं, दवाखाना, वस्तूंची बिलं.

घराच्या फायलीला सगळ्यात जास्त जपा. रजिस्ट्री, इंडेक्स-२, मंजूर नकाशा, मालमत्ता कराच्या पावत्या, आणि आपल्याकडे ले-आउटमध्ये प्लॉट असेल तर एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आणि त्याची डिमांड नोट भरल्याच्या पावत्या. तो आरएलचा कागद दिसायला अगदी साधा असतो, पिवळट, घड्या पडलेला, आणि नवीन पिढीला त्याचं काही माहीत नसते त्यामुळे रद्दीत जायची भीती असते. पण घर विकताना, कर्ज घेताना, वर मजला चढवताना तोच मागतात. घराच्या सगळ्या मूळ कागदांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका, लॅमिनेशनमध्ये शिक्के, सह्या तपासता येत नाहीत. बांधकामाची, दुरुस्तीची बिलं घर आहे तोवर ठेवा, विकताना टॅक्सच्या हिशेबात लागतात.

इन्कम टॅक्सचे रिटर्न आणि फॉर्म १६ सात-आठ वर्षांचे ठेवले की साध्या पगारदाराचं भागते. लाइटबिल, पाणीबिल वर्षभराचं पुरे, तेही ऑनलाइन दिसते. एलआयसीची मूळ पॉलिसी, बाँड हे मूळच लागतात, ते हलवू नका. लायसन्स, गाडीचं आरसी डिजिलॉकरमध्ये घेतलं तर ते मूळ कागदाइतकंच धरतात, त्यामुळे पाच-पाच झेरॉक्स ठेवायची गरज नाही. दुकानाची ती गुळगुळीत कागदाची बिलं उन्हाळ्याच्या उष्णतेत कोरी होऊन जातात, वॉरंटीची असतील तर आजच फोटो काढा. टाकायच्या कागदांवर आधार, पॅन, खाते नंबर असेल तर फाडून, पाण्यात भिजवून मग द्या.

औषधं थोडक्यात. पुष्कळ पाकिटांवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असते आणि मे महिन्यात आपल्या घराच्या खोलीत रात्रीसुद्धा ३० च्या वर असते, फ्रीजच्या वर आणि पश्चिमेच्या खिडकीत तर विचारूच नका. औषधं घराच्या सगळ्यात थंड खोलीत, आलमारीच्या खालच्या खणात, पोरांचा हात न पोचणाऱ्या डब्यात, ओट्याजवळ कधीच नको. इन्सुलिन फ्रीजमध्ये पण फ्रीझरमध्ये नाही. तारीख गेलेली औषधं कबाडीत किंवा मोरीत नको, गोळ्या पाकिटातून काढून मोकळ्या टाकू नका, कागदात गुंडाळून खूण करून घरातल्या घातक कचऱ्यासोबत वेगळी द्या.

सज्जा

सज्जा सगळ्यात शेवटी, कारण तोवर निर्णय घ्यायची सवय झालेली असते. सकाळी लवकर, दोन माणसं, एक वर एक खाली, मजबूत शिडी, हातमोजे, चप्पल घातलेली. जुनी लाकडं, अडगळ हलवताना विंचू निघू शकतो, हात आत घालण्याआधी काठीने हलवा आणि टॉर्च मारा. पुठ्ठ्याचे खोके असतील तर खालचा तळ आधी बघा, आपल्याकडे वाळवी पुठ्ठ्याला फार लवकर लागते आणि तिथून दाराच्या चौकटीत जाते. टीव्ही-मिक्सरचे रिकामे खोके वॉरंटी संपली की ठेवायचं कारणच नाही, थर्माकोल तोडून सुक्या कचऱ्यात द्या.

सज्ज्यात ज्या गोष्टी कधीच ठेवू नयेत: डिओ-हिटचे स्प्रे, रंगाचे-थिनरचे डबे, सेल, मेणबत्त्या, फोटोंचे अल्बम. स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नका लिहिलेलं असते आणि तापलेल्या स्लॅबखालचा बंद सज्जा ही त्याच्यासाठी चांगली जागा नाही. अल्बम खाली आणा, चिकट प्लास्टिकचे असतील तर फोटो हळूच सोडवा, सुटत नसेल तर ओढू नका, तसाच फोटो काढून घ्या. हे काम आजीसोबत बसून करा, मागे नावं लिहून घ्या पेन्सिलने, कारण पुढच्या पिढीला त्यातली अर्धी माणसं ओळखू येणार नाहीत आणि सांगणारं माणूस आत्ता घरात आहे.

जे परत वर जाणार त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि आलमारीच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवा, 'गणपतीची मखर: डावा कोपरा, सोऱ्या: मधला डबा'. नाहीतर गणपतीच्या आदल्या रात्री परत सगळं खाली येते.

डबे-बास्केट आता आणा, आधी नाही

एवढं झाल्यावर घरात काय उरलं ते दिसते, मग मोजून डबे आणा. आधी आणलेले डबे हाही पसाराच असतो. खणाची रुंदी, खोली टेपने मोजा, फोनमध्ये लिहा आणि मगच संध्याकाळी इतवारीत किंवा सीताबर्डीवर जा. चौकोनी डबे गोल डब्यांपेक्षा जागा कमी खातात. पण पुष्कळदा लागतच नाहीत, बुटांचे खोके ड्रॉवरमध्ये, आइसक्रीमचे डबे चार्जरसाठी चालतात. वायरवर कागदी टेप लावून नाव लिहा, ज्या वायरचं नाव कोणालाच सांगता येत नाही ती ई-कचऱ्यात.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात पोरांना त्यांचा एक खण पूर्ण त्यांच्या ताब्यात द्या, पेनं कागदावर चालवून बघणं, कोऱ्या पानांच्या जुन्या वह्या काढून रफ वही शिवणं, गेल्या वर्षीची पुस्तकं खालच्या वर्गातल्या पोराला देणं, हे त्यांना जमते. मधे बोलू नका.

आणि कूलर

कूलर घरातली सगळ्यात जास्त जागा खाणारी वस्तू, आणि त्याच्यामुळे घरातलं बाकी सामानही बिघडते, हे कोणी लक्षात घेत नाही. कूलरच्या थेट झोतात कपड्यांची आलमारी किंवा पुस्तकांचं शेल्फ असेल तर आतल्या चामड्याच्या बेल्ट-पर्सवर बुरशी येते, पुस्तकांची पानं वळतात. ज्या खोलीत कूलर आहे तिथली समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा निघून जाईल, खोली थंडही जास्त होते, आणि शेल्फ बाजूच्या भिंतीला सरकवा.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास टाकीच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेजवळ अंडी चिकटवतो, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून होत नाही, ब्रशने घासावंच लागते. पावसाळा जूनच्या मध्यापर्यंत येतो, उकाडा आणखी काही दिवस राहतो, पण जुलैत कूलर बंद झाला की तसाच खिडकीत सोडू नका. गवताच्या ताट्या काढून टाका, पुढच्या वर्षी नवीन लागतातच. पंपाला अर्धा तास साध्या पाण्यात फिरवून क्षार काढा, पुसून पिशवीत घालून कूलरच्या आतच बांधा म्हणजे एप्रिलमध्ये शोधाशोध नाही. टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत उघडी वाळवा, तळाला गंज दिसला तर तेव्हाच घासून रंग मारा. झाकताना प्लास्टिक नको, आत ओल धरून पत्रा सडतो, जुनी सुती चादर घाला. जागा कमी असेल तर वाळलेल्या कूलरच्या पोटात स्वच्छ पिशवीत भरलेले एक-दोन ब्लँकेट सहज बसतात, थंडी आली की काढायचे आणि नंतर परत ठेवायचे नाहीत, कारण तोवर कूलर काढायची वेळ आलेली असते.